छोटी गाडी, चार गिअर आणि थोडे गणित

मोठ्या माणसाच्या मांडीपर्यंत जेमतेम पोचणारी, स्कूटरच्या चाकांवर धावणारी एखादी मोटारसायकल पाहिली की तिला खेळणे म्हणण्याचा मोह होतो. इंग्रजीत तिला ‘मिनी बाइक’ म्हणतात आणि हेच नाव आता आपल्याकडेही रुळले आहे. जुन्या मोटारसायकलचे इंजिन, वेल्डिंग करून जोडलेली पाइपांची चौकट आणि कोठून तरी मिळवलेली दोन लहान चाके एवढ्या भांडवलावर आयटीआय, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांतील मुले अशी गाडी बनवू पाहतात. अकरावी-बारावीतील हौशी मुलेही त्यात असतात. यांतील बहुतेकांची समजूत अशी असते की मोठ्या गाडीतले इंजिन लहान गाडीत बसवले की काम झाले.

काम तेथे संपत नाही, खरे तर तेथून सुरू होते. चाक लहान केले की गाडीचे सगळे गिअर बदलतात, गिअरपेटी न उघडताही. हा बदल कागदावर मांडून पाहिला नाही तर पहिल्याच फेरीत पुढचे चाक आकाशाकडे जाण्याची शक्यता असते. हा कागदावरचा हिशेब नववी-दहावीच्या विज्ञानापलीकडे जात नाही. तोच या लेखात आपण करून पाहू.

गिअर नसलेल्या छोट्या गाड्या

छोट्या मोटारसायकलची कल्पना तशी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने छत्रीधारी सैनिकांसाठी ‘वेलबाइक’ नावाची घडीची मोटारसायकल बनवली. १९४२ ते १९४३ या काळात अशा साडेतीन हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तीत ९८ सीसीचे विलियर्स कंपनीचे दोन-स्ट्रोक इंजिन होते आणि गाडी लांबट नळकांड्यात घालून विमानातून खाली सोडता येई. वजन कमी ठेवायचे म्हणून तिला गिअरपेटी नव्हती. सैनिकाने ती ढकलत पळवायची आणि सुरू झाली की वर बसायचे.

अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत लोकांनी घरच्या घरी मिनी बाइक बनवल्या, त्या गवत कापण्याच्या यंत्राच्या इंजिनावर. त्यांनाही गिअर नसे. मात्र त्यांत आपोआप लागणारा क्लच असे. इंजिनाच्या दांड्यावर दोन-तीन पट्टे स्प्रिंगने आत ओढून धरलेले असतात आणि त्यांच्याभोवती एक पोकळ ढोल असतो. इंजिन संथ फिरत असताना पट्टे ढोलाला शिकत नाहीत. फेरे वाढले की पट्टे स्प्रिंगला न जुमानता बाहेर सरकतात, ढोलाला आतून घासतात आणि घर्षणाने ढोल फिरू लागतो. साखळी या ढोलाला जोडलेली असते. चालवणाऱ्याने फक्त मूठ पिळायची.

जपानमध्ये होंडा कंपनीने १९६१ साली टोकियोजवळच्या ‘तामा टेक’ या करमणूक उद्यानासाठी झेड-१०० नावाची पाच इंची चाकांची गाडी बनवली. तीत १९५८ सालच्या ‘सुपर कब’ या गाडीचे ४९ सीसीचे इंजिन बसवले होते. त्यावर बसलेला माणूस माकडासारखा दिसे, म्हणून पुढे या गाड्यांना ‘मंकी’ हे नाव पडले. १९६७ पासून ती जपानच्या रस्त्यांवर विकली जाऊ लागली. तिला तीन गिअर होते, पण क्लच आपोआप लागणारा होता. १९७८ साली आलेल्या ‘गोरिला’ या तिच्या भावंडाला मात्र चार गिअर आणि हाताने दाबायचा क्लच मिळाला. आपल्या विषयातली गाडी ही अशी आहे.

‘सुपर कब’च्या इंजिनाचा विशेष असा की त्याचे सिलिंडर उभे नसून जवळजवळ आडवे, पुढच्या चाकाकडे तोंड करून असते. त्यामुळे इंजिन बुटके होते आणि चौकटीतल्या एका पाइपाखाली टांगता येते. हाच घाट आपल्याकडे १९८५ साली ‘हीरो होंडा सीडी-१००’ आणि १९९४ साली ‘स्प्लेंडर’ या गाड्यांतून आला. ९७.२ सीसीचे हे इंजिन आपल्या गावोगावच्या गॅरेजवाल्यांच्या हाताखालून गेले आहे. त्याची गिअरपेटी इंजिनाच्याच कवचात असते, म्हणजे इंजिन घेतले की चार गिअर आणि हाताचा क्लच आपसूक मिळतात. आपल्याकडे मिनी बाइक बनवणाऱ्यांचा डोळा याच जातीच्या इंजिनावर असतो. तेव्हा आपणही हेच उदाहरण घेऊ.

इंजिनाचा स्वभाव

गिअर मुळात हवेत कशाला? विजेच्या मोटारीला थांबलेल्या अवस्थेतूनही जोर लावता येतो, म्हणून आजच्या बहुतेक विजेच्या स्कूटरना गिअर बदलावे लागत नाहीत. पेट्रोल इंजिनाचा स्वभाव वेगळा आहे. थांबलेले इंजिन काहीच जोर देत नाही. मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर ते स्वतःपुरते कसेबसे फिरते. मधल्या फेऱ्यांवर त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि फार वेगाने फिरू लागले की सिलिंडरमध्ये पुरेशी हवा भरायला वेळ मिळत नाही, म्हणून जोर पुन्हा घटतो.

येथे ‘जोर’ म्हणजे दांडा फिरवण्याची क्षमता. बलाला त्रिज्येने गुणले की ती मिळते. पाठ्यपुस्तकात बलाचे परिबल म्हणतात ती हीच राशी. आम्ही सोयीसाठी तिला ‘पीळ’ म्हणू. आपल्या १०० सीसी इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे ८ न्यूटन-मीटर असतो. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ८ न्यूटन, साधारण आठशे ग्रॅम वजनाइतके बल. एवढ्याने माणसाला घेऊन गाडी चढ चढणार नाही. इंजिनाकडे पीळ थोडा असतो आणि फेरे भरपूर, मिनिटाला आठ हजारांपर्यंत. चाकाला हवे असते याच्या उलट. म्हणून आपण फेरे देतो आणि पीळ घेतो. हा व्यवहार दातेरी चाके करतात.

या व्यवहारात नफा नसतो. फेरे एक-तृतीयांश झाले तर पीळ तिप्पट होतो आणि दोन्हींचा गुणाकार, म्हणजेच शक्ती, तेवढाच राहतो. उलट घर्षणापायी थोडी दलाली जाते. आपण ती १५ टक्के धरू.

दातांचा हिशेब

इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत फेरे तीन ठिकाणी कमी होतात. इंजिनातून गिअरपेटीत जाताना एकदा, गिअरपेटीत निवडलेल्या जोडीनुसार दुसऱ्यांदा आणि साखळीच्या पुढच्या-मागच्या चक्रांवर, ज्यांना गॅरेजमध्ये स्प्रॉकेट म्हणतात, तिसऱ्यांदा. खरी दातसंख्या प्रत्येक इंजिनात थोडी निराळी असते. आपण हिशेबाला सोपे पण वास्तवाजवळचे आकडे घेऊ.

पहिल्या ठिकाणी १७ दात ६८ दातांना फिरवतात असे धरू. घट ४ पट. गिअरपेटीतल्या जोड्या अशा :

पहिला गिअर : १२ दात ३६ दातांना फिरवतात, घट ३ पट
दुसरा गिअर : १८ दात ३० दातांना, घट १.६७ पट
तिसरा गिअर : २१ दात २७ दातांना, घट १.२९ पट
चौथा गिअर : २४ दात २४ दातांना, घट १ पट, म्हणजे घट नाहीच

प्रत्येक जोडीतल्या दातांची बेरीज करून पाहा. ती ४८ च येते. हा योगायोग नव्हे. या सर्व जोड्या एकमेकांना समांतर असलेल्या त्याच दोन दांड्यांवर बसलेल्या असतात. दांड्यांमधले अंतर ठरलेले आणि दातांचा आकार सारखा, तेव्हा एक चाक मोठे केले की दुसरे तेवढेच लहान करावे लागते. खऱ्या पेटीत दातांच्या आकारात किंचित फेरफार करून बेरीज एखाद्या दाताने बदललेली आढळते, पण नियम तोच.

साखळीसाठी पुढे १४ आणि मागे ४२ दात धरले तर घट ३ पट होते. आता तिन्ही घटींचा गुणाकार करू. पहिल्या गिअरमध्ये ४ × ३ × ३ = ३६. म्हणजे मागचे चाक एकदा फिरायला इंजिन ३६ वेळा फिरते. दुसऱ्यात २०, तिसऱ्यात सुमारे १५.४ आणि चौथ्यात १२.

पेटीच्या आत

गिअर बदलताना दातेरी चाके एकमेकांपासून सुटून दुसऱ्या चाकांत अडकतात अशी अनेकांची समजूत असते. आपल्या मोटारसायकलमध्ये तसे घडत नाही. चारही जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्याच असतात आणि एकाच वेळी फिरत असतात. प्रत्येक जोडीतले एक चाक मात्र आपल्या दांड्यावर मोकळे, म्हणजे दांडा न फिरवता गरगरणारे असते. त्याच्या शेजारचे चाक दांड्याबरोबर फिरते, पण दांड्यावरून बाजूला सरकू शकते. दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंवर जाड खुंट्या आणि खाचा असतात. सरकणारे चाक मोकळ्या चाकाला जाऊन भिडले की खुंट्या खाचांत बसतात आणि मोकळे चाक दांड्याला जखडले जाते. तो गिअर ‘पडला’. कोणतेच चाक जखडलेले नसेल तर ते न्यूट्रल.

सरकवण्याचे काम दोन काटे करतात आणि काट्यांना हलवतो एक खाचदार ढोल. आपण पायाने तरफ दाबली की हा ढोल एक घर पुढे जातो. त्याच्या वाकड्या खाचांत काट्यांची टोके अडकलेली असल्याने फिरण्याच्या गतीचे रूपांतर सरकण्याच्या गतीत होते. एका वेळी एकच जोडी जखडली जाईल याचीही खात्री हाच ढोल देतो. दोन जोड्या एकदम जखडल्या गेल्या तर दोन वेगवेगळ्या घटी एकाच दांड्यावर लादल्या जातील आणि पेटी अडकून बसेल.

खुंट्या खाचांतून निसटाव्यात यासाठी त्यांच्यावरचा ताण क्षणभर काढावा लागतो. म्हणून क्लच. या इंजिनात तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच असतो. एकाआड एक चकत्या इंजिनाशी आणि गिअरपेटीशी बांधलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकत्र दाबून धरतात. हाताने दांडी ओढली की दाब जातो आणि चकत्या एकमेकींवरून घसरतात. अर्धवट सोडली की थोड्या घसरतात, थोडा पीळ पुढे पाठवतात. आपोआप लागणारा क्लच हे काम आपल्या गतीने करतो. हाताच्या क्लचमध्ये पीळ किती आणि किती झटक्यात पुढे जाणार, हे चालवणाऱ्याचा पंजा ठरवतो. हे लक्षात ठेवू, कारण पुढे हाच मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

चाक लहान केले की

मूळ मोटारसायकलचे चाक अठरा इंची असते. टायरसकट त्याचा व्यास सुमारे ६० सेंटिमीटर आणि परीघ १.८८ मीटर. आता मिनी बाइकला बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरचे दहा इंची चाक बसवले असे समजू. टायरसकट व्यास सुमारे ४३ सेंटिमीटर, परीघ १.३५ मीटर. साखळीची चक्रे पूर्वीचीच ठेवली आणि इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत नेले तर प्रत्येक गिअरमधला वेग असा येतो :

पहिला गिअर : मोठ्या चाकावर २५, लहान चाकावर १८ किमी प्रतितास
दुसरा गिअर : ४५ आणि ३२
तिसरा गिअर : ५८ आणि ४२
चौथा गिअर : ७५ आणि ५४

लहान चाकावरचा चौथ्या गिअरचा आकडा करून पाहू. ८,००० ला १२ ने भागले की चाकाचे मिनिटाला ६६७ फेरे. प्रत्येक फेऱ्यात १.३५ मीटर, म्हणजे मिनिटाला ९०० मीटर आणि तासाला ५४ किलोमीटर. बाकीचे आकडे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत.

वेग कमी झाला हे पाहून पुष्कळांना हायसे वाटते. पण मघाचा व्यवहार आठवा. वेग गेला त्या बदल्यात काहीतरी मिळालेच पाहिजे. ते म्हणजे रस्त्यावर मागे रेटणारे, गाडीला पुढे ढकलणारे बल. चाकावरचा पीळ भागिले चाकाची त्रिज्या म्हणजे हे बल. पहिल्या गिअरमध्ये चाकावरचा पीळ ८ × ३६ = २८८, दलाली वजा जाता सुमारे २४५ न्यूटन-मीटर. मोठ्या चाकाची त्रिज्या ०.३० मीटर, म्हणून बल सुमारे ८१५ न्यूटन. लहान चाकाची त्रिज्या ०.२१५ मीटर, म्हणून बल सुमारे ११४० न्यूटन.

गाडी ५५ किलो आणि स्वार ६० किलो धरला तर दोघांचे मिळून वजन सुमारे ११३० न्यूटन भरते. म्हणजे ढकलणारे बल गाडी आणि स्वार यांच्या एकत्रित वजनाहूनही थोडे जास्त! लहान चाक हा आणखी एक गिअरच आहे, आणि तो कोणी मुद्दाम निवडलेला नाही.

पुढचे चाक का उचलते

रस्ता गाडीला पुढे ढकलतो तो जमिनीच्या पातळीवर. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य मात्र बराच वर असतो. पायाखालची सतरंजी कोणी ओढली तर आपण मागे पडतो, तसेच हे आहे. गाडी मागच्या चाकाच्या टेकणबिंदूभोवती मागे कलंडू पाहते आणि वजन तिला खाली दाबून धरते. दोन परिबलांची ही रस्सीखेच आहे :

कलंडवणारे परिबल = ढकलणारे बल × गुरुत्वमध्याची उंची
सावरणारे परिबल = वजन × गुरुत्वमध्याचे मागच्या चाकापासूनचे आडवे अंतर

मोठ्या मोटारसायकलमध्ये गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर आणि आडवे अंतर ५५ सेंटिमीटर धरू. स्वारासह वजन सुमारे १६६५ न्यूटन. पुढचे चाक उचलायला १६६५ × ५५ ÷ ६५, म्हणजे सुमारे १४१० न्यूटन बल लागेल. इंजिन देते ८१५. चाक जमिनीवरच राहते.

मिनी बाइकची दोन चाके जवळजवळ असतात, समजा एक मीटर अंतरावर. स्वार जागेअभावी मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच बसतो. आडवे अंतर ४० सेंटिमीटरच भरते. गाडी बुटकी असली तरी स्वार काही बुटका होत नाही, म्हणून उंची फारशी उतरत नाही, ६० सेंटिमीटर राहते. आता चाक उचलायला लागणारे बल ११३० × ४० ÷ ६०, म्हणजे सुमारे ७५० न्यूटन. इंजिन देऊ शकते ११४०. चाक उचलणारच.

मागचे चाक घसरून ही आपत्ती टळणार नाही का? मातीवर टळेल. तेथे घर्षण कमी असते आणि साडेसातशे न्यूटनच्या आधीच चाक जागच्या जागी फिरू लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराची पकड वजनाच्या ८० टक्के धरली तरी ती ९०० न्यूटनपर्यंत टिकते. तेथे चाक घसरण्याआधी उचलेल. मैदानात सुरळीत चाललेली गाडी रस्त्यावर येताच दगा देते, त्यामागचे कारण हे आहे.

आता क्लचकडे पाहू. आपण घेतलेला ८ न्यूटन-मीटर हा आकडा इंजिन सतत देऊ शकते त्या पिळाचा आहे. पण फिरत्या इंजिनात, विशेषतः त्याच्या जड मॅग्नेटो-चाकात, गतिज ऊर्जा साठलेली असते. मूठ पिळून क्लच एकदम सोडला तर ही ठेव एका झटक्यात चाकाकडे जाते आणि क्षणभर आपल्या हिशेबापेक्षा जास्त बल उत्पन्न होते. म्हणून हाताच्या क्लचची मिनी बाइक बनवणाऱ्याने हिशेबात शिल्लक ठेवायलाच हवी.

तोड काय?

पहिला विचार सुचतो तो मागचे साखळीचक्र लहान करण्याचा. ४२ ऐवजी २८ दात घेतले तर साखळीची घट ३ वरून २ वर येते आणि पहिल्या गिअरचे बल ७६० न्यूटनपर्यंत उतरते. पण वेगाचा हिशेब केला की पंचाईत लक्षात येते. चौथ्या गिअरमध्ये गाडी आता कागदावर तासाला ८१ किलोमीटर जाईल. एक मीटर लांबीच्या, दहा इंची चाकांच्या गाडीला हा वेग फार झाला. शिवाय ७६० अजून ७५० च्या वरच आहे. एका टोकाला गाडी उताणी पडते आणि दुसऱ्या टोकाला ती बेफाम होते. नुसती चक्रे बदलून यातून सुटका नाही.

मग गिअरचा नाद सोडून एकच घट ठेवावी काय? समजा फक्त १२ ची घट ठेवली. बल उतरून ३८० न्यूटन होते, चाक उचलत नाही. पण इंजिनाला नीट ओढण्यासाठी निदान २,५०० फेरे लागतात असे धरले तर त्या फेऱ्यांना गाडीचा वेग १७ किलोमीटर असतो. तेथपर्यंत क्लच घसरत ठेवावा लागेल आणि चकत्या जळतील. पहिल्या गिअरमध्ये हाच वेग साडेपाच किलोमीटर, म्हणजे चालण्याचा असतो. गिअरपेटीने आपल्याला जे दिले ते हे आहे.

खरी तोड चौकटीत आहे. मागचे चाक धरणारा चिमटा लांब करून दोन चाकांमधले अंतर ११५ सेंटिमीटर केले, बैठक थोडी पुढे आणि खाली घेतली, आडवे इंजिन शक्य तेवढे खाली टांगले, तर गुरुत्वमध्याचे आडवे अंतर ५२ आणि उंची ५५ सेंटिमीटर होऊ शकते. आता चाक उचलायला ११३० × ५२ ÷ ५५, म्हणजे सुमारे १०७० न्यूटन लागतील. मागचे साखळीचक्र ३६ दातांचे घेतले तर पहिल्या गिअरचे बल सुमारे ९८० न्यूटन आणि चौथ्या गिअरचा कमाल वेग ६३ किलोमीटर येतो. मुठीच्या तारेला अडसर लावून इंजिनाचे फेरे आणखी मर्यादेत ठेवता येतात. त्याने वेग आणि क्लचची ठेव दोन्ही घटतात.

गाडी पंधरा सेंटिमीटरने लांब झाली की ती ‘मिनी’ दिसत नाही अशी मुलांची तक्रार असते. त्यांना हे दोन आकडे, १०७० आणि ७५०, शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

लहान चाकाच्या आणखी दोन गोष्टी

आठ सेंटिमीटर उंचीचा चौकोनी अडथळा ओलांडायला मोठ्या चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे ०.९ पट आडवे बल लागते. त्याच अडथळ्यावर आपल्या लहान चाकाला सव्वा पट लागते. परिबलाच्या नियमाने आकृती काढून हे सिद्ध करता येते. जो खड्डा मोठ्या गाडीला धक्का देतो तो छोटीला अडवतो.

दुसरी गोष्ट पुढच्या फोर्कची. हँडलची धुरी तिरपी असते. ती पुढे वाढवली तर जमिनीला जेथे भेटेल तो बिंदू टायरच्या टेकणबिंदूच्या काही सेंटिमीटर पुढे असतो. म्हणजे टायर या बिंदूच्या मागून येतो आणि ओढगाड्याच्या फिरत्या चाकाप्रमाणे आपोआप सरळ राहतो. धुरीचा कोन उभ्या रेषेशी २६ अंश आणि आस धुरीच्या ५ सेंटिमीटर पुढे असेल तर मोठ्या चाकाला हे अंतर सुमारे ९ सेंटिमीटर मिळते. तोच फोर्क लहान चाकाला लावला की ते जेमतेम ५ उरते. हँडल थरथरू लागते. मोठ्या गाडीचा फोर्क नुसता कापून बसवणे म्हणूनच चुकीचे.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी मिनी बाइक लागत नाही. शाळेच्या आवारात उभी असलेली कोणतीही गिअरची मोटारसायकल चालेल. इंजिन थंड आणि किल्ली काढलेली असावी. मधल्या स्टँडवर गाडी उभी करून मेकॅनिककडून स्पार्क प्लग काढून घ्यावा, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबली जाणार नाही. इंजिनाच्या बगलेवरच्या झाकणाचे बूच काढले की बहुतेक गाड्यांत मॅग्नेटोचा फिरणारा नट दिसतो. त्यावर खडूची खूण करावी. आता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून एकाने टायर धरून मागचे चाक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावे आणि दुसऱ्याने नटाचे फेरे मोजावेत. बोटे साखळीपासून दूर ठेवावीत. मग तिसरा, दुसरा, पहिला.

मोजणीतून एकूण घट मिळतेच, पण त्याहून मोलाची गोष्ट हाताला कळते. पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवणे सर्वांत जड जाते. पहिला गिअर जोराचा, मग तो जड का? कारण आपण व्यवहाराच्या उलट्या टोकाला उभे आहोत. आता चाक देणारे आणि इंजिन घेणारे आहे. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी आपोआप आवरली जाते ती यामुळेच. मुलांना हा प्रश्न आधी विचारावा, उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि नंतर चाक फिरवायला द्यावे.

ज्यांना खरोखर गाडी बनवायची आहे त्यांच्यासाठी चार सूचना. इंजिन जुन्या बाजारातून घेताना विक्रेत्याची पावती आणि इंजिन क्रमांकाची नोंद घ्यावी. चौकटीचे वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. पुढचे-मागचे साखळीचक्र एका प्रतलात आहे हे सरळ पट्टी लावून तपासावे, कारण रुंद टायरमुळे साखळी तिरपी जाण्याचा धोका असतो. आणि इंजिन बसवण्याआधी दोन्ही ब्रेक बसवून, उतारावर गाडी ढकलून ते पारखावेत.

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीशिवाय वाहन चालवणे गुन्हा आहे आणि घरी बनवलेल्या गाडीला अशी नोंदणी सहजी मिळत नाही. ५० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलसाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक आणि वाहनाचा मालक यांना जबाबदार धरले जाते. बंदिस्त मैदान, हेल्मेट, हातमोजे आणि सोबत जाणते माणूस, एवढे असले तरच इंजिनाला किक मारावी.

त्याआधी एक काम शिक्षकांनी जरूर करून घ्यावे. विद्यार्थ्याने आपल्या नियोजित गाडीचे सात आकडे फळ्यावर लिहावेत : इंजिनाचा पीळ, पहिल्या गिअरची एकूण घट, चाकाची त्रिज्या, स्वारासह वजन, गुरुत्वमध्याची उंची, त्याचे मागच्या चाकापासूनचे अंतर आणि चौथ्या गिअरमधला कमाल वेग. पहिल्या तिघांवरून ढकलणारे बल निघते, पुढच्या तिघांवरून चाक उचलणारे बल. पहिले दुसऱ्यापेक्षा मोठे निघाले, तर वेल्डिंगची कांडी पेटवण्याआधी चौकटीचा आराखडा नव्याने काढावा. कागद खोडायला रबर पुरते.